निवडणुकीसाठी जमा केलेली बंदूक परत मिळवताना

माझ्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी बंदूक आहे. आमच्या सिंधुदुर्गात अशा बंदुका बऱ्याच शेतकऱ्यांकडे असतात. रानडुकरं भातात शिरली की हवेत बार काढायचा, एवढंच तिचं काम. 2024 मध्ये ती दोनदा पोलिसांकडे जमा करावी लागली. लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली, ऐन काजूच्या हंगामात. विधानसभेची 15 ऑक्टोबरला, भात कापणीला आलेलं असताना.

जमा करताना काही त्रास झाला नाही. मतदान होईपर्यंत शस्त्रं पोलिसांच्या ताब्यात असावीत, हेही मला मान्य आहे. माझा राग आहे तो परत मिळण्यावर.

विधानसभेचा निकाल 23 नोव्हेंबरला लागला. त्यानंतर आठवड्याने शस्त्र परत द्यायचं असतं. ठाण्यात गेलो तर मुद्देमाल खोलीची किल्ली ज्यांच्याकडे, ते हवालदार बंदोबस्तावर. पुन्हा गेलो तेव्हा ते होते, पण साहेबांची सही व्हायची होती. सही झाली, तर पावतीवरचा नंबर बंदुकीशी जुळेना. लिहिणाऱ्याने घाईत 3 चा 8 केला होता. "आता वर विचारावं लागेल," असं सांगून मला परत पाठवलं. बाकावर बसलेले सगळे माझ्यासारखेच, कामं टाकून आलेले.

शेवटी एका महिला हवालदारांनी बंदूक उजेडात नेली, नळीवर खडू घासला आणि झिजलेले आकडे एकेक करून मोठ्याने वाचले. रजिस्टरशी ताडून पावती दुरुस्त केली. "काका, इथे सही करा." दहा मिनिटांत काम झालं!

मतदान केंद्रं, नाकाबंदी, सभा, स्ट्राँग रूमचा पहारा, सगळं त्याच मोजक्या माणसांवर पडतं, हे मी पाहिलंय. म्हणूनच म्हणतो, परत देण्याचा वार ठरवून पोलीस पाटलांमार्फत गावात कळवावा. सगळ्यांचेच हेलपाटे वाचतील.

पावती हातात पडताच परवाना क्रमांक, बंदुकीचा नंबर, काडतुसांची संख्या तिथेच तपासा. देण्याआधी नळीला आतून तेल लावा, माझ्या नळीला गंज धरला होता. आणि मुख्य म्हणजे, सरसकट प्रत्येकाने शस्त्र जमा करावं असा निवडणूक आयोगाचा नियम नाही. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले, अशांचा विचार छाननी समितीने, म्हणजे कोणाचं शस्त्र जमा करून घ्यायचं हे ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीने, आधी करायचा असतो. नोटीस आली की कापणीचं कारण लिहून समितीकडे लगेच अर्ज द्या आणि पोच घ्या.