मिसुरीची घटनादुरुस्ती आणि संशोधनाला मिळालेली हमी

एखाद्या संशोधन प्रकल्पाला रीतसर मान्यता मिळाल्यानंतर मध्येच नियम बदलणार नाहीत, अशी हमी राज्याने कायद्याने द्यावी का, या प्रश्नावर अमेरिकेतील मिसुरी राज्याचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते.

राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ऑगस्ट २००१ मध्ये भ्रूणापासून मिळणाऱ्या मूलपेशींवरील (शरीरातील वेगवेगळ्या प्रकारच्या पेशींत रूपांतरित होऊ शकणाऱ्या पेशींवरील) संशोधनाच्या सरकारी निधीवर कडक मर्यादा घातल्या, परंतु खासगी पैशातून असे संशोधन करण्यास संघराज्याच्या कायद्याची आडकाठी नव्हती. मिसुरीच्या कॅन्सस सिटीतील स्टॉवर्स ही देणगीतून उभी राहिलेली संशोधन संस्था त्यामुळे निर्धास्त असायला हवी होती. तशी ती नव्हती, कारण या संशोधनातील एका तंत्राला फौजदारी गुन्हा ठरवू पाहणारी विधेयके राज्याच्या विधिमंडळात पुनःपुन्हा मांडली जात होती. ती मंजूर झाली नाहीत, तरी पुढच्या अधिवेशनात आपले काम गुन्हा ठरू शकते या शक्यतेच्या सावटाखाली कोणता शास्त्रज्ञ घरदार हलवून तेथे येईल? संस्थेने आपला विस्तार रोखून धरला.

नोव्हेंबर २००६ मध्ये मतदारांनी सुमारे ५१ टक्के मतांनी राज्यघटनेत दुरुस्ती केली. संघराज्याच्या कायद्याला जे मूलपेशी संशोधन मान्य आहे ते मिसुरीतही करता येईल आणि राज्य सरकार किंवा स्थानिक संस्था त्यात अडथळा आणणार नाहीत, असे तिचे सार आहे. ही हमी नियम गोठवत नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. उद्या वॉशिंग्टनने बंदी घातली तर ती मिसुरीतही लागू होईल; हात बांधले आहेत ते फक्त राज्याचे. त्याच मजकुरात मानवी क्लोनिंगला बंदी आहे, आणि पेशीविभाजन सुरू झाल्यापासून चौदा दिवसांनंतर भ्रूणातून मूलपेशी काढण्यासही मनाई आहे. मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये आपल्या मार्गदर्शक तत्त्वांतील चौदा दिवसांची सरसकट मर्यादा शिथिल केली. मिसुरीत मात्र ती घटनेतच असल्याने, बदलायची तर पुन्हा मतदारांपुढे जावे लागेल. स्थैर्य मागणाऱ्या संशोधकांनी ही बाजूही हिशेबात धरावी.

विरोधकांनी मग तिजोरीची वाट धरली. दुसऱ्या कारणासाठी दिलेला निधी मूलपेशी संशोधन रोखण्यासाठी काढून घेता येणार नाही, असे कलम दुरुस्तीत होते, पण मुळात निधीच न देण्यापुढे असे कलम दुबळे पडते. मिशिगनमध्येही २००८ साली अशीच घटनादुरुस्ती झाली आणि पुढे तेथील विधिमंडळाने अर्थसंकल्पातील अटीद्वारे मिशिगन विद्यापीठाकडे वापरलेल्या भ्रूणांचा तपशील मागितला. विद्यापीठाला तो जाच वाटला, तरी माहिती मागणे म्हणजे अडथळा आणणे, असे मी म्हणणार नाही.

आपल्याकडे हा प्रश्न जनुकीय बदल केलेल्या पिकांच्या बाबतीत येतो. जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी वांग्याला (किडीला तोंड देण्यासाठी जिवाणूचे जनुक घातलेल्या वाणाला) केंद्रीय समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये मान्यता दिली आणि फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने ती स्थगित केली. २०११ पासून शेतातील चाचण्यांसाठी राज्याचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक झाले. शेती हा राज्यांचा विषय असल्याने यात मला गैर काही दिसत नाही, मात्र प्रमाणपत्र पेरणीनंतर हाती आले किंवा मंत्री बदलताच मागे घेतले गेले, तर संशोधकाचा अख्खा हंगाम वाया जातो. म्हणून महाराष्ट्राने असा कायदा केलाच, तर दिलेले प्रमाणपत्र चाचणी पूर्ण होईपर्यंत टिकावे, नवा शास्त्रीय पुरावा समोर आल्यासच ते लेखी कारणे देऊन आणि सुनावणी घेऊन रद्द करता यावे, आणि त्या सुनावणीत शेजारच्या बांधावरच्या शेतकऱ्यालाही आपले म्हणणे मांडता यावे, एवढ्या तरतुदी मला त्यात हव्या आहेत.