काटा लालपर्यंत न जाता उसळलेले पाणी

वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात मे महिन्यात गाड्या तापणे आमच्या गॅरेजला नवे नाही. पण त्या दुपारी टोचन लावून आणलेल्या डिझेल जीपच्या चालकाचे एक वाक्य मला खटकले. "मिस्त्री, काटा लालला टेकलाच नव्हता, तरी पाणी उसळून बाहेर आलं." आधीच्या एका गॅरेजने हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, आणि त्याखालचा ब्लॉक यांच्यामधली गळती रोखणारी पट्टी) गेल्याचे सांगून हेड उतरवण्याचा खर्चही कळवला होता, आणि मालक त्या आकड्यानेच धास्तावले होते.

काटा तापमान दाखवतो, दाब दाखवत नाही. पाचगणीच्या सुमारे 1,300 मीटर उंचीवर उघडे पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळू लागते. रेडिएटरच्या झाकणाने 0.9 ते 1 बार दाब धरून ठेवला, तर तेच पाणी 115 अंशांच्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. दाब सुटत असेल, तर इंजिन फारसे तापलेले नसतानाही हेडमध्ये वाफ धरते आणि जिथे वाफ साचते तिथली उष्णता उचलायला पाणीच उरत नाही.

गाडी पूर्ण निवल्यावर रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून दाब दिला. तो टिकून राहिला, म्हणजे होज, वॉटर पंप आणि रेडिएटर शाबूत होते. इंजिन सुरू केल्यावर दाब एकदम चढलाही नाही. सिलिंडरमधला वायू फुटक्या गॅस्केटमधून पाण्यात शिरत असता, तर थंड इंजिनातही तो झपाट्याने चढला असता. मग झाकण तपासले. 0.9 बार छापलेले ते झाकण 0.3 लाच सुटत होते: रबरी वायसर कडेला चिरलेला आणि स्प्रिंगखाली बोअरच्या पाण्याचा पांढरा, खडबडीत थर.

थर्मोस्टॅटही जागेवर नव्हता. गाडी थंड राहावी म्हणून तो काढून टाकण्याचा उपाय आमच्या भागात फार लोकप्रिय आहे, आणि मला तो मुळीच पटत नाही. साधारण 82 अंशांना उघडणारी ही मेणाची झडप नसली, की सपाटीवर इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त जाते आणि खाली राहिलेला काटा पाहून मालक निर्धास्त होतो.

रेडिएटर धुऊन नवे झाकण व थर्मोस्टॅट बसवला, बोअरच्या पाण्याऐवजी निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर भरले आणि माणसे बसवून गाडी घाटात चढवली. वर पोहोचेपर्यंत रेडिएटरला जोडलेल्या बाजूच्या बाटलीतील पातळी दोन बोटे वर आली होती. उतरून गाडी निवल्यावर झाकणाच्या उलट्या झडपेने तेवढेच पाणी रेडिएटरमध्ये परत ओढून घेतले. ते पाहिल्यावर मालकांना हेड उघडण्याची गरज नसल्याचे सांगितले. त्यांनी मात्र जुने झाकण आधीच्या गॅरेजवाल्याला दाखवायला मागून नेले.