ई-नाइन पेडल स्टील: ट्यूनरमध्ये दोन एफ शार्प

जळगाव, मे. पेडल स्टील म्हणजे आडवी ठेवून वाजवायची गिटार; पेडल आणि लिव्हरने तिच्या तारांचे स्वर बदलतात. ई-नाइन ही तिची एक जुळणी: दहा तारा, तीन पेडल (ए, बी, सी), चार नी-लिव्हर (गुडघ्याने ढकलायचे दांडे). या खेपेचं काम: ट्यूनरमध्ये आपले स्वतःचे सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) भरणं.

सगळ्या तारा ट्यूनरच्या शून्यावर, म्हणजे कीबोर्डच्या स्वरांवर, लावल्या की स्टील खटकतं. बार (तारांवर सरकवायची धातूची कांडी) फिरवताना तीन-तीन स्वर लांबवर एकत्र वाजतात, आणि कीबोर्डचा गांधार शुद्ध गांधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट चढा असतो. तानपुऱ्याच्या खर्जातून जो गांधार आपोआप उमटतो, तोच इथे हवा. म्हणून ई हा षड्ज धरून हे आकडे भरले: जी शार्प −१३.७, ए −२, बी +२, सी शार्प −१५.६, डी शार्प −११.७. नवव्या तारेचा डी −३.९. ई चढवणाऱ्या लिव्हरचा एफ सर्वांत खाली, −२९.३; तो ए पेडल (बीचा सी शार्प करणारं) दाबलेलं असताना सी शार्पचा गांधार म्हणून वाजतो, त्यामुळे ए पेडल दाबूनच लावायचा.

खरी अडचण एफ शार्पची. पहिल्या आणि सातव्या तारेचा एफ शार्प हा बीचा पंचम, म्हणजे +३.९. पण सी पेडलने चौथी तार ई वरून एफ शार्पवर जाते तेव्हा सोबत ए आणि सी शार्प असतात. तिथे तो −१७.६ लागतो. फरक २१.५ सेंट. ही आपली प्रमाण श्रुतीच, ई षड्ज धरला की दोन रिषभांमधलं सूक्ष्म अंतर: एक चतुःश्रुती रिषभ, दुसरा त्रिश्रुती. पेडल स्टीलमध्ये ती अशी दोन तारांवर शेजारी शेजारी सापडते, हे या वाद्याचं फार सुंदर अंग आहे. ऐकायची असेल तर सी पेडल दाबून पहिली आणि चौथी तार एकत्र छेडा. दोन्ही एकाच सप्तकातल्या, ३७० हर्ट्झच्या आसपास. सेकंदाला साडेचारेक डोल (आवाजाचे चढ-उतार) स्पष्ट मोजता येतात.

बहुतेक ट्यूनर एका स्वरनावाला एकच आकडा घेतात. म्हणून दोन स्लॉट केले. पहिल्यात मोकळ्या तारा, एफ शार्प +३.९. दुसऱ्यात पेडल-लिव्हरचे स्वर, एफ शार्प −१७.६. सातवी तार मात्र दोन्हीकडे अडकते, कारण ए आणि बी (जी शार्पचा ए करणारं) पेडल दाबून सहाव्या-पाचव्या तारेसोबतही ती वाजते. चेंजरमध्ये (तारा ताणणारी-सैल करणारी यंत्रणा) उतरवायची जागा रिकामी असेल तर ए पेडलवरून तिला एक जादा रॉड (पेडलची ओढ चेंजरपर्यंत नेणारी सळई) द्यावा, पेडल दाबताच ती २१ सेंट उतरावी. जागा नसेल तर −५ च्या आसपास तडजोड. आम्हाला रॉडच पटतो. तडजोडीत दोन्ही बाजू थोड्या थोड्या दुखतात.

लावायचा क्रम चुकला की सगळं पुन्हा करावं लागतं. आधी मोकळ्या तारा, खुंट्यांवर. मग पेडल, मग लिव्हर. हे दोन्ही वाद्याच्या टोकाकडच्या, रॉडवरच्या नायलॉन नटांवर. चढवणाऱ्या रॉडचा नट आवळला की स्वर चढतो, उतरवणाऱ्याचा आवळला की आणखी उतरतो. प्रत्येक वाचनाआधी पेडल दोन-तीनदा पूर्ण दाबून सोडा, नाहीतर तार परतताना जिथे अडकली असेल तोच आकडा दिसतो. वाजवताना छेडता त्याच जोराने छेडा आणि साधारण सेकंदभराने वाचा; छेडल्याक्षणी तार किंचित चढीच असते. मोकळी तार नंतर हलवली तर तिच्यावरचे सगळे पेडल-स्वरही हलले, हे धरून चाला.

एक तपासणी वगळू नका. चौथी तार छेडून ए आणि बी पेडल दाबा. ही दोन पेडल या तारेला लागलेली नसतानाही सुई खाली सरकली तर तो खोक्याचा लवचिकपणा. पेडलच्या ओढीने बॉडी वाकते. दोन-तीन सेंट असेल तर सी शार्प आणि ए त्या उतरलेल्या ईशी जुळवून दुसऱ्या स्लॉटमध्ये भरा. आकडा मोठा असेल तर आधी सैल स्क्रू शोधा.

लग्नसराईत कीबोर्डसोबत वाजवायचं तर ट्यूनरचा ए ४४० हर्ट्झवरून ४४२ करा. सगळंच ७.९ सेंट वर जातं: ई +८, जी शार्प −६, सी शार्प −८. कीबोर्डच्या वर-खाली सारखी वाटणी झाल्याने गांधार उतरलेला वाटत नाही.

खान्देशातल्या मेमध्ये कूलरचा झोत वाद्यावर नको. पोलादी तारा झोतात लगेच गार होऊन चढतात, बॉडी मागाहून गार होते. ताप आणि ओल दोन्हीमुळे आकडे फिरत राहतात. शिवाय कूलरच्या दमट हवेत पहिल्या सहा साध्या तारा लवकर गंजतात, त्यात तिसरी, ०.०११ इंची, सर्वांत आधी तुटते. कूलर सुरू करून अर्धा तास थांबा, तोंड भिंतीकडे फिरवा, मग लावा.

बाकी आहे: सातव्या तारेचा जादा रॉड. तोवर ती −५ वर.