श्टुटगार्ट : बायको मीटिंगमध्ये, मी पायऱ्यांवर

चाकण-तळेगावच्या गाड्यांच्या धंद्यात असलेल्यांच्या घरी जर्मनीतल्या श्टुटगार्टचं नाव सतत कानावर पडतं. आमच्याकडेही तसंच. बायकोची तिथली कामं आणि माझ्या शाळेची दिवाळीची सुट्टी एकदाची जुळून आली आणि मी तिच्याबरोबर निघालो. ‘त्या औद्योगिक गावात तू दिवसभर करणार काय?’ असं बऱ्याच जणांनी विचारलं. जोडीदाराबरोबर जाणाऱ्यांना हाच प्रश्न पडत असणार, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट व्हिसाची. कंपनीचं निमंत्रणपत्र बायकोच्या नावाचं होतं, त्यामुळे तिचा व्हिसा व्यवसायाचा आणि माझा पर्यटकाचा. माझ्या अर्जाला तिच्या पत्राची प्रत आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडला. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाला, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो आणि तो प्रत्येकाचा वेगळा असावा लागतो. हॉटेलच्या बुकिंगमध्ये दुसरं नाव आधीच घालून घ्या. दुसऱ्या माणसाचे आणि नाश्त्याचे जादा पैसे वेगळ्या पावतीवर स्वतः भरले, की ऑफिसचं बिल पास करताना कटकट होत नाही.

हॉटेल कुठे आहे यावर तुमचे सगळे दिवस अवलंबून असतात. कंपन्या बहुतेक वेळा सिंडेलफिंगेन, ब्योब्लिंगेन, फायहिंगेन अशा कडेच्या भागात हॉटेल देतात. हरकत नाही, पण एस-बानचं, म्हणजे तिथल्या लोकलचं, स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर हवं. तेवढा एक आग्रह जरूर धरा. विमानतळावरून एस २ आणि एस ३ या लोकल अर्ध्या तासाच्या आत मुख्य स्टेशनात पोचवतात. त्या स्टेशनाचं मोठं बांधकाम २०१० पासून चालू आहे आणि वाटा फिरवलेल्या असतात, म्हणून गाडी पकडायची असेल तर दहा मिनिटं हाताशी ठेवा. एका दिवसाचं तिकीट काढलं की लोकल, ट्राम, बस सगळं त्यात येतं. तपासनीस साध्या कपड्यात येतात आणि विनातिकीट दंड ६० युरो आहे.

आता माझं ठाम मत. जोडीदाराच्या शनिवार-रविवारची वाट बघत खोलीत बसू नका. हे शहर कामाच्या दिवसांत बघावं. तेव्हा ते आपल्या लयीत चालू असतं, आणि रविवारी दुकानं कडकडीत बंद असतात.

सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद. तो दिवस शहराच्या वाचनालयाला द्या. श्टाटबिब्लिओटेक ही २०११ साली उघडलेली पांढरी, चौकोनी इमारत. वास्तुकार उन यंग यी मूळचे कोरियाचे. चार भिंतींवर ‘वाचनालय’ हा शब्द चार भाषांत कोरलाय : जर्मन, इंग्रजी, अरबी आणि कोरियन. आत शिरल्यावर आधी एक रिकामी, उंच, पांढरी खोली लागते, तिच्यात काहीच ठेवलेलं नाही. तिच्या वर दुसरा चौक सुरू होतो, भोवती मजल्यामागून मजले पुस्तकं आणि त्यांना जोडणारे उघडे जिने. मी वरच्या कठड्याशी उभा होतो. समोर एक आजोबा जाड चष्मा कपाळावर चढवून नकाशांचं पुस्तक बघत होते, खाली शाळकरी मुली जिन्यावर बसून गृहपाठ करत होत्या. पानं उलटल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. कोणी ओळखपत्र विचारत नाही, प्रवेश फुकट, गच्चीवरही जाता येतं. मी शिक्षक आहे. गावाने आपल्या मुलांसाठी असं काही बांधलेलं बघून मला फार बरं वाटलं. बाहेर पाऊस असेल तर इथे अख्खा दिवस काढता येतो.

कोरड्या दिवशी चढ चढायचा. श्टुटगार्ट खोलगट वाटीत वसलंय, आणि चारी बाजूंच्या उतारांवर पूर्वी द्राक्षमळे होते. मळ्यांत जाण्यासाठी बांधलेल्या पायऱ्या आजही वापरात आहेत. त्यांना तिथे ‘श्टेफेले’ म्हणतात. चारशेहून जास्त जिने आहेत. ऑयगेन्सप्लाट्झला जाणारा जिना पहिल्यांदा घ्या; वर कारंजं आहे आणि समोर सगळं शहर. ऑक्टोबरअखेर द्राक्षं खुडून झालेली असतात, पण वेलींची पानं पिवळीजर्द असतात. गुडघे कुरकुरत असतील तर मारिएनप्लाट्झवरून दात्यांची रेल्वे पकडा. लोक तिला ‘त्साके’ म्हणतात. १८८४ पासून ती डेगरलोख या वरच्या वस्तीला चढते आणि नेहमीचंच तिकीट चालतं. डब्यापुढे सायकलींसाठी एक उघडा छोटा वॅगन असतो. ऑफिसातून सुटलेली माणसं त्यात सायकली लावून डब्यात बसतात, आणि गाडी रुळांमधल्या दातेरी पट्टीला धरत घरांच्या परसातून वर जाते.

डेगरलोखहून पुढे फेर्नझेटुर्म, म्हणजे दूरदर्शन मनोरा. अभियंता फ्रिट्झ लेऑनहार्ट यांनी १९५६ साली उभारलेला, २१७ मीटर उंच, अशा प्रकारचा जगातला पहिला काँक्रीटचा मनोरा. धुकं असेल तर पैसे वाया जातात, म्हणून सकाळी आकाश बघूनच ठरवा. दोन्हींतलं एकच करायचं तर मी त्साके निवडेन. जुनी केबल रेल्वे आवडणाऱ्यांनी झ्युडहाइमर प्लाट्झची १९२९ ची गाडीही सोडू नये. डबे सागवानी आहेत आणि वर जंगलातल्या शांत दफनभूमीत बॉश कंपनीचे संस्थापक रॉबर्ट बॉश यांची कबर आहे.

मर्सिडीज संग्रहालय गाड्यांचं वेड नसलेल्यानेही बघावं. लिफ्टने थेट वर नेतात, दार उघडल्यावर समोर पांढरा घोडा उभा असतो, आणि तिथून १८८६ च्या पहिल्या मोटारीपासून गोल उतारावरून खाली यायचं. किमान चार तास हवेत. जोडीदाराला हे बघायचं असेलच, म्हणून शनिवारसाठी राखून ठेवा.

आपल्याला खास जवळची जागा म्हणजे किलेसबेर्गजवळची वायसेनहोफ वसाहत. १९२७ साली आधुनिक घरं कशी असावीत हे दाखवायला ती बांधली. तिथली वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांची दोन घरं आणि आपल्या चंदीगडचा कॅपिटॉल परिसर २०१६ साली एकाच नोंदीत जागतिक वारसा यादीत गेले. बाकीच्या घरांत माणसं राहतात, तेव्हा कुंपणात डोकावून फोटो काढू नका.

शाकाहाऱ्यांसाठी : सकाळी बेकरीतला बुटरब्रेत्सेल, म्हणजे लोणी लावलेला, वेढ्याच्या आकाराचा खारा पाव, पोटभर होतो. केझश्पेट्सले हे चीज घातलेले पिठाचे तुकडे वर तळलेला कांदा घालून येतात. अंडं चालत असेल तर उत्तम. माउलटाशेनमध्ये, म्हणजे सारण भरलेल्या पिठाच्या चौकोनी पुड्यांत, मूळचं मांस असतं, त्याचा भाजी भरलेला प्रकारही मिळतो. फसवा पदार्थ आहे बटाट्याचं सॅलड. इथे त्यात मांसाचं पाणी घालायची रीत आहे, म्हणून विचारूनच घ्या. मसूर आणि श्पेट्सलेबरोबर सॉसेज येतं, ते नको म्हणून सांगा, आणि मसूर मांस घालून शिजवलेले नाहीत ना, हेही विचारा. नळाचं पाणी प्यायला चांगलं आहे. विकतची बाटली घेतलीच तर फेकू नका, सुपरमार्केटच्या यंत्रात टाकली की २५ सेंट परत मिळतात.

रविवारी दोघांनी लुडविग्सबुर्गला जावं. एस ४ किंवा एस ५ ने पाव तासाच्या आसपास लागतो. राजवाड्याच्या बागेत शरद ऋतूत भोपळ्यांचं प्रदर्शन भरतं : भोपळ्यांचे प्राणी, भोपळ्यांचे पुतळे आणि गरम भोपळ्याचं सूप. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात, आणि १ नोव्हेंबरला श्टुटगार्टच्या राज्यात, बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये, सार्वजनिक सुट्टी असते. तेव्हा ३१ तारखेलाच दूध, पाव, फळं आणून ठेवा. दुसऱ्या दिवशी मुख्य स्टेशनातली मोजकी दुकानं तेवढी उघडी असतात.