आकडा मागणाऱ्यांना

‘मॅडम, आरक्षणाच्या वादात मराठा आणि ओबीसी, समाज खरंच इतका फाटलाय का हो? तुम्ही सर्व्हे करता, एक आकडा सांगा ना.’ गेली दोन वर्षं हे मला इतक्यांनी विचारलंय, की आता समोरचा ‘मॅडम’ म्हणाला की पुढचं मला आधीच ऐकू येतं. मी आकडा सांगत नाही. मग कोणी म्हणतं घाबरलात, कोणी म्हणतं तुमचाही कल दिसतोच आहे. मागच्या महिन्यात मावसभावाने भर पंगतीत हेच ऐकवलं. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

मोजता येत नाही असं माझं म्हणणं नाही. अमेरिकेत १९६० साली लोकांना विचारलं होतं, तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी लग्न केलं तर तुम्हाला वाईट वाटेल का? ‘वाटेल’ म्हणणारे ४-५ टक्के निघाले. २०१० साली जवळपास तेच विचारलं, तर रिपब्लिकनांमध्ये सुमारे निम्मे आणि डेमोक्रॅटांमध्ये साधारण एक तृतीयांश लोक ‘वाटेल’ म्हणाले. राज्यशास्त्राचे अभ्यासक शांतो अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हे मांडलं. मतं किती लांब गेली यापेक्षा माणसं एकमेकांना किती नकोशी झाली, हे आमच्या विषयात तेव्हापासून जास्त मोजलं जाऊ लागलं.

पक्षाच्या जागी जात घालून तोच प्रश्न बीडला नेला असता तर हाती काय लागलं असतं? आपल्याकडे बहुतेक लग्नं जातीतच ठरतात. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, त्याआधी विचारलं असतं तरी ‘वाटेल’, नंतर विचारलं तरी ‘वाटेल’. म्हणून आम्ही रोजचे व्यवहार धरले. किराणा कोणाकडून भरता, दाढी-कटिंग कुठे, पेरणीला ट्रॅक्टर कोणाचा, मयताला कोण येतं. त्यातला किराण्याचा प्रश्न माझा. सहकाऱ्यांशी भांडून मी तो फॉर्ममध्ये ठेवला, आणि आजही मला तो चांगला प्रश्न वाटतो.

जून २०२४. लोकसभेचा निकाल लागून काही दिवसच झाले होते. बीडमध्ये फरक होता ६,५५३ मतांचा, आणि त्या आकड्यामागे काय काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. माजलगाव तालुक्यातल्या एका गावात मी माझ्या विद्यार्थिनीबरोबर फिरत होते. मुलाखत तिने घ्यायची, मी फक्त बघायचं, असं ठरलं होतं. यादीत नाव आलेले गृहस्थ ओट्यावरच बसले होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. शेजारी त्यांच्याच वयाचे आणखी एक जण होते, त्यांना तात्या ‘आबा’ म्हणत होते. दोघांच्या मध्ये सरकीच्या बियाण्याची पिशवी. पाऊस झाला होता, पेरणी कधी धरायची याचं बोलणं चाललेलं. कोण कोणत्या जातीचा ते मी लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही लगेच बाजू ठरवाल.

नियमाप्रमाणे मुलाखत एकट्याची हवी. पण ओट्यावरच्या माणसाला ‘तुम्ही जरा उठा’ कसं म्हणणार? चहा आला. आबांनी तो बशीत ओतला. मुलीने सुरुवात केली. आरक्षणाबद्दलचे पाच प्रश्न झाले, तात्यांची उत्तरं तुटक होत गेली. मग किराण्याचा प्रश्न आला. दुसऱ्या समाजाच्या माणसाच्या दुकानातून सामान घ्यायला तुमची हरकत आहे का? गल्लीच्या तोंडाशी आबांच्या मुलाचं दुकान होतं. येताना मी तिथूनच पाण्याची बाटली घेतली होती. मुलगीही त्याच भागातली, तिला कळलं. ती थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. विचार.

तिने विचारलं. तात्या बराच वेळ पिशवीवरच्या शिलाईवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, “आधी कुठं काय व्हतं. पण आता नको वाटतं.”

आबा काही बोलले नाहीत. बशी खाली ठेवली, चपला पायात सरकवल्या, आणि निघताना माझ्या विद्यार्थिनीकडे वळून म्हणाले, “बरं झालं ताई. तुम्ही इचारलं म्हणून कळलं.”

पुढचे वीसेक प्रश्न तिने पूर्ण केले. मी त्या बशीकडे बघत होते. चहा तसाच होता, वर साय धरली होती.

गाडीत बसल्यावर तिने विचारलं, “मॅडम, हा फॉर्म धरायचा?” फॉर्मच्या शेवटी एक रकाना असतो, मुलाखतीच्या वेळी दुसरं कोणी हजर होतं का. मी तिला तिथे ‘हो’वर खूण करायला सांगितली आणि म्हणाले, धरायचा.

तेव्हाची मी आजही माझ्याशी वाद घालते. ती म्हणते, ताप थर्मामीटरने येत नाही. ३० ऑक्टोबर २०२३ ला बीड आणि माजलगावात जाळपोळ झाली तेव्हा तुझा फॉर्म कुठे होता? तात्यांच्या मनात होतं तेच त्यांच्या तोंडून आलं. हे सगळं खरं आहे. पण आपल्याला मोजलं जातंय हे तापाला कळत नाही, माणसाला कळतं.

आणि दोन गोष्टी मला माहीत असायलाच हव्या होत्या. मत कोणाला दिलं, हे आम्ही तोंडी विचारत नाही. निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या ‘लोकनीती’ या संशोधन-गटाच्या पाहण्यांत असते तशी चिन्हांची मतपत्रिका हातात देतो आणि खूण करून पेटीत टाकायला सांगतो, म्हणजे घरच्यांनाही कळू नये. पक्षासाठी एवढी काळजी घेणाऱ्या मी शेजाऱ्याबद्दलचा प्रश्न मोठ्याने वाचायला लावला. दुसरं, हायमन आणि शीट्सली या अमेरिकन सर्व्हे-अभ्यासकांचा १९४८ चा प्रयोग मी दरवर्षी वर्गात शिकवते. कम्युनिस्ट देशांच्या बातमीदारांना अमेरिकेत येऊ द्यावं का, असं आधीच विचारलं तेव्हा ३६ टक्के ‘हो’ म्हणाले. अमेरिकन बातमीदारांना रशियात जाऊ द्यावं का, हे आधी विचारून मग तोच प्रश्न केला, तेव्हा ७३ टक्के. आधी काय विचारलं यावर पुढचं उत्तर इतकं हलतं. आणि मी किराण्याच्या आधी आरक्षणाचे पाच प्रश्न लावले होते. पेरणीबद्दल विचारून मग किराण्याचं विचारलं असतं, तर तात्या काय म्हणाले असते? कदाचित हेच. मला खरंच माहीत नाही, आणि आता ते कळायला वाव राहिलेला नाही.

तर तुम्ही मागता तो आकडा माझ्याकडे आहे. त्यात तात्यांची ‘हरकत आहे’ ही खूण मोजलेली आहे. तुम्ही तो कोणाला तरी दाखवून म्हणाल, बघ, अभ्यासात आलंय, तुमचे लोक असे आहेत. तेव्हा तुम्हीही आबांसमोरच बसलेले असाल. पण मी आकडा दाबून ठेवला तर अफवाच खऱ्या धरल्या जातात, हेही मला दिसतं. माझी विद्यार्थिनी तर म्हणते, तुम्ही लपवताय. तिच्या या म्हणण्याला माझ्याकडे नीट उत्तर नाही.

विधानसभेच्या मतदानाआधी त्या रस्त्याने जाणं झालं. दुकान उघडं होतं. दोन मुलं काउंटरला लोंबकळून काहीतरी मागत होती. कोणाच्या घरची, ते मी विचारलं नाही.

पुढच्या फेरीत त्याच माणसांकडे परत जायचं आहे. किराण्याचा प्रश्न आता चिठ्ठीवर केलाय, खूण करून घडी घालून द्यायची. क्रमही बदललाय. यादीची छाननी चालू आहे, आणि तात्यांच्या नावापुढे मी अजून ‘जायचं’ही लिहिलेलं नाही, ‘वगळा’ही लिहिलेलं नाही.