लेनानाला का गेले नाही

माउंट केनियाला सहा वेळा गेलात, दर वेळी मॅकिंडर्स कॅम्पपर्यंत, म्हणजे ४२०० मीटरपर्यंत चढलात, मग तिथून एका पहाटेच्या चढाईवर असलेल्या ४९८५ मीटरच्या पॉइंट लेनाना या शिखरावर एकदाही का गेला नाहीत, हा प्रश्न मला नैरोबीतल्या मराठी मंडळींनी आणि पुण्याच्या नातेवाइकांनी इतक्यांदा विचारला आहे की उत्तरही ठरून गेले होते : उंची सोसत नाही. ते खोटे नाही. पण तेवढेच कारण असते, तर मी त्या कॅम्पवर दुसऱ्यांदा पाऊल ठेवले नसते.

खरे कारण, हा कॅम्प ज्या टेलेकी खोऱ्यात आहे तिथली एक वनस्पती आहे. या खोऱ्यात दोन प्रकारच्या महाकाय लोबेलिया वाढतात. ओढ्याकाठच्या दलदलीत असते ती लोबेलिया केनिएन्सिस. तिच्या पानांच्या द्रोणात पाणी साठते, रात्री त्यावर बर्फाची पापडी धरते आणि खालच्या न गोठलेल्या पाण्यात मधला कोंब सुरक्षित राहतो. एका झाडाला असे अनेक द्रोण असल्यामुळे एक फुलून मेला तरी बाकीचे जगतात. उताराच्या कोरड्या जमिनीवरच्या लोबेलिया टेलेकीला मात्र एकच गुच्छ असतो. चाळीस-पन्नास वर्षे ती जमिनीलगत पाने वाढवत बसते, मग एकदाच माणसाहून उंच, केसाळ तुरा काढते, बी धरते आणि मरते.

तिचा दांडा पोकळ असतो आणि त्यात पाणी असते. विषुववृत्ताजवळच्या या उंचीवर वर्षभर दिवसा ऊन आणि रात्री हिम असते. पाणी गोठताना उष्णता सोडते, आणि दांड्यातले पाणी रात्रभर सावकाश गोठत राहते, म्हणून तुऱ्याचे तापमान शून्याच्या फार खाली उतरत नाही. हे सगळे मी पहिल्या फेरीच्या आधीच वाचलेले होते. नेमके हेच आज माझ्या मनाला सर्वांत जास्त लागते.

ती फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. पहाटे तीनला लेनानासाठी निघायचे होते आणि मी कॅम्पच्या वरच्या उतारावर एकटीच फिरत होते. माझ्याहून हातभर उंच तुरा समोर उभा होता. लांब, राखी, लोंबत्या सहपत्रांच्या, म्हणजे फुलांलगतच्या पानांच्या, आत निळी फुले दडलेली होती, आणि पाने बाजूला सारल्यावर मनगटाएवढा दांडा दिसला. महाबळेश्वरच्या बाजूला थंडीत पांढऱ्या फुलांचे उंच तुरे काढणारी देवनळ, जिला कोणी ढवळ तर कोणी रानतंबाखू म्हणतात, तीही लोबेलियाच. लहानपणी तिचे वाळलेले पोकळ दांडे मोडून आम्ही त्यात फुंकर घालत असू. ती सवय हातात असेल, किंवा वाचलेले खरे आहे का ते पाहण्याची हाव असेल. मी खिशातला चाकू काढला आणि दांड्याला बुडाशी भोक पाडले.

पाणी धारेने आले. ओंजळीत घेतले तर ते किंचित बुळबुळीत आणि बोटे बधिर करणारे गार होते. मला आनंद झाला, हेही सांगितले पाहिजे. मग मी बोटाने भोक दाबून धरले. बोट काढले की पुन्हा धार. रुमालाचा बोळा कोंबला, तोही भिजून बाहेर आला. अंधार पडेपर्यंत मी तशीच उकिडवी बसले होते आणि शेवटी धार आपोआप थांबली.

त्या रात्री पाण्याच्या बाटल्या तंबूत गोठल्या. तीनला वाटाड्या हाक मारायला आला तेव्हा डोके ठणकत होते, आणि मी येत नाही म्हणून सांगितले. उजाडल्यावर वर गेले. तुऱ्याचा वरचा भाग एका बाजूला कलला होता आणि आतली फुले उकडल्यासारखी मऊ, काळपट झाली होती. एक सूर्यपक्षी आला, त्याने दोनदा चोच घातली आणि तो शेजारच्या तुऱ्यावर गेला. वाटाड्या मागे येऊन उभा होता. त्याने भोक पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ‘पोले, मामा’ एवढेच म्हणाला. स्वाहिलीत मामा म्हणजे बाई, आणि पोले हा शब्द दुसऱ्याच्या दुःखात सहभागी होताना उच्चारतात.

परत आल्यावर मी स्वतःशी बराच वाद घातला. उतारावर अशी झाडे शेकड्यांनी आहेत. खडकांत राहणारे हायरॅक्स नावाचे सशाएवढे प्राणी त्यांची पाने आणि दांडे कुरतडतात, त्यांना कोणी अपराधी म्हणत नाही. फुलल्यावर ते झाड मरणारच होते. कदाचित त्या रात्रीच्या थंडीत ते तसेही गेले असते. मी शेजारचे तुरे नीट तपासले नाहीत, त्यामुळे हे मला आता कधीच कळणार नाही. पण ते मरणारच होते हा युक्तिवाद माझ्याच तोंडून ऐकताना मला लाज वाटते, कारण त्याच्याजवळ त्या एका बहराखेरीज दुसरे काहीच नव्हते. तरीही एका झाडापायी शिखर सोडणे हा प्रायश्चित्ताचा देखावा आहे, असे माझी बहीण म्हणाली तेव्हा मला तिला उत्तर देता आले नाही.

मी दर वेळी त्या जागी जाते. पुढच्या दोन फेऱ्यांत वाळलेला दांडा उभा होता आणि भोकात माझी करंगळी जात होती. चौथ्या फेरीला तो पडलेला आढळला. आसपास तळहाताएवढी काही रोपे आहेत. ती कोणाच्या बियांची, हे सांगता येत नाही. मागच्या वेळी त्यांतली सात मोजली. पहाटे तीनला वाटाड्याने हाक मारली तेव्हा मी जागी होते, बूट घातलेले होते, डोकेही दुखत नव्हते. मी त्याला नाही म्हटले आणि उजाडण्याची वाट पाहत बसले.