तीन मिनिटांत पंचगंगा

रिसर्च सॉफ्टवेअरच्या (संशोधनासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या) वर्कशॉपला ३ मिनिटं बोलायला नाव दिलं तेव्हा वाटलं, ३ मिनिटं म्हणजे काय अवघड, कोल्हापूरच्या गंगावेशीत दूध कट्ट्यावर आपल्याला नुसतं 'काय चाललंय' विचारायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. ह्या झटपट भाषणाच्या प्रकाराला लायटनिंग टॉक म्हणतात. २००० साली अमेरिकेत पर्ल ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवाल्यांच्या कॉन्फरन्समध्ये हे नाव पडलं, तिथं निदान ५ मिनिटं तरी मिळायची.

माझा विषय पंचगंगेच्या पाणीपातळीचा. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका हे कोल्हापुरात पोराटोरांनाही पाठ असतंय. पण आकडे टाईप करणारा ३९ फूट ६ इंचाला ३९.६ लिहितो, आणि पुढं १० इंच झाले की ३९.१०, मग एक्सेल ते शेवटचं शून्य गिळून ३९.१ करतंय, म्हणजे नदी चढत असताना शीटमध्ये पाणी एका झटक्यात उतरून खऱ्यापेक्षा ९ इंच खाली! माझी पायथन स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) असल्या उड्या पकडते, बास, एवढंच काम तिचं.

घरी मोबाईलवर टायमर लावून प्रॅक्टिस केली. 'व्यासपीठावरील मान्यवर', आयोजकांचे आभार, गाईडचे आभार, माझा अल्पसा परिचय... आई भाजी निवडत ऐकत होती, म्हणाली, "आरं, पण त्यात पाणी कवा येणार?" बघतो तर १ मिनिट १० सेकंद संपलेले. आपल्याकडं आभार मानल्याशिवाय तोंडच उघडत नाही, काय करणार. सगळे आभार काढून टाकले, गाईडचे तेवढे ठेवले (डिग्री अजून हातात यायचीय).

वर्कशॉपात माझ्या आधीच्या पोरानं एकच स्लाईड लावली, त्यावर एरर मेसेज. "हा कोड दोन वर्षांपूर्वी चालत होता, आता चालत नाही, कुणाला कळलं तर चहाला भेटा," म्हणाला आणि खाली बसला. ४० सेकंद पण झाले नसतील. नाद खुळा! यशाच्या सतरा स्लाईडी दाखवणाऱ्यांपेक्षा तो मला भारी वाटला.

माझी घंटा बरोबर त्या शून्यावरच वाजली. स्क्रिप्ट दाखवायची राहिली, लिंक राहिली, तोंड पाडून खाली बसलो.

चहाला त्या पोराभोवती ही गर्दी. मी कडेला बशीत बिस्किट बुडवत उभा, तर एक मॅडम लॅपटॉप उघडाच हातात घेऊन आल्या, पावसाच्या नोंदींचं शीट होतं, एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे बघा ओ, आमचंपण शून्य गेलंय."